आवडलेले आणि उमजलेले

वर्ष सरत आले की 'यंदाचे माझे आवडते अल्बम' अशा मथळ्याच्या याद्या निघू लागतात. पुस्तकांच्या याद्या दिवाळीपासूनच सुरू झालेल्या असतात. संगीताच्या डिसेंबरात येतात. ह्या याद्यांचा मला तिटकारा नाही. जाडजूड समीक्षालेख बाजूला ठेवणारा वाचकही अशी यादी शेवटपर्यंत वाचतो. तक्रार वेगळी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी केलेल्या यादीतसुद्धा अल्बमचे नाव असते, गायकाचे असते, 'तरल', 'अप्रतिम', 'आतून आलेले' असे एखादे विशेषण असते. आणि ज्याच्या शब्दांवर हे सारे उभे असते त्या कवीचे नाव बहुधा नसते. त्या अल्बमने कोणत्या कविता घेतल्या, कोणत्या गाळल्या, कोणत्या क्रमाने मांडल्या, ह्याविषयी तर चकार शब्द नसतो. कवितासंग्रहाचे परीक्षण असे लिहून पाठवले तर संपादक ते साभार परत करील.

मराठीत अल्बम हा बव्हंशी एक लहानसा काव्यसंग्रहच असतो, हा माझा मुद्दा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे एक गाणे मावे. तिथे संग्रहाचा प्रश्न नव्हता. दीर्घमुद्रिका आली, एका बाजूस वीस मिनिटांच्या वर वेळ मिळू लागला, आणि मग निवड करणे भाग पडले. आठ-दहा कविता एकत्र ठेवायच्या म्हणजे कोणत्या, आणि का? हा प्रश्न संपादकाचा आहे. तो संगीतकाराने सोडवला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

ह्या संदर्भात कुमार गंधर्वांनी एका कार्यक्रमाला आणि ध्वनिमुद्रिकेला दिलेले नाव मला सतत आठवते: 'मला उमजलेले बालगंधर्व'. बालगंधर्वांची पदे त्यांनी स्वतःच्या गळ्यातून मांडली. त्यातले 'मला' हे व्यक्तिनिष्ठतेची उघड कबुली देते, आणि 'उमजलेले' हे त्या व्यक्तिनिष्ठतेवर जबाबदारी टाकते. 'आवडलेले बालगंधर्व' म्हटले असते तर श्रोत्याला पुढे काही विचारता आले नसते, कारण आवडीशी वाद घालता येत नाही. उमजण्याशी घालता येतो. वर्षअखेरच्या यादीने 'आवडलेले' ह्या शब्दाच्या आड न लपता 'उमजलेले'पर्यंत यावे, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरी अडचण 'वर्ष' ह्या शब्दाची. कंपनीसाठी वर्ष म्हणजे प्रकाशनाचे वर्ष. श्रोत्यासाठी ते ऐकण्याचे असते. मी संत तुकाराम नगरात राहतो. ज्येष्ठ वद्यात देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी असा जुना मुंबई-पुणे रस्ता धरून पुण्याकडे जाते, ती आमच्या वस्तीजवळून. दिंडीत म्हटल्या जाणाऱ्या अभंगांना प्रकाशनवर्ष नसते. त्यांना वार असतो, तिथी असते, दिवसाचा प्रहर असतो. वारकरी भजनी मालिकेत रूपाचे अभंग कधी, वाराचे अभंग कोणते, हे परंपरेने ठरलेले आहे. क्रम मोडला तर विणेकरी थांबवतो. अल्बम हा शब्द मराठीत येण्याच्या कितीतरी आधी 'निवड आणि क्रम' ही कल्पना आपल्याकडे अशी पक्की होती. म्हणून माझ्या यादीत त्या वर्षी मी सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेले अल्बम असतात. ते कधी निघाले हा प्रश्न मी दुय्यम मानतो.

ह्या वर्षी सर्वांत अधिक ऐकला तो 'अभंग तुकयाचे'. संगीत श्रीनिवास खळे यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. तुकोबांच्या नावाच्या वस्तीत राहून तुकोबांचाच अल्बम निवडावा हे जरा बाळबोध वाटेल. पण कारण वस्तीच्या पाटीत नाही. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतून खळ्यांनी मूठभर उचलले, आणि गाथा कधी न उघडलेल्या मराठी माणसासाठी तेवढेच तुकाराम झाले. इतका प्रभावी संपादक आपल्या वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडेल, आणि 'संपादक' म्हणून त्याची नोंद कुठेही नाही.

ही निवड पाहावी. ओढ, विरह, विठ्ठलाचे रूप, वनातला एकांत, वाळवंटातला खेळ. सासरी निघालेली मुलगी मागे वळून वळून पाहते, त्या अभंगाचेच उदाहरण घ्या. गाथेत वाचताना तिथे एक उपमा आहे: पुरुष असलेला कवी स्वतःच्या तगमगीसाठी सासुरवाशिणीची, चुकलेल्या लेकराची, पाण्याबाहेरच्या मासळीची अवस्था उसनी घेतो. लताबाईंच्या आवाजात ते उसनेपण विरघळते. मुलगीच गाते आहे असे वाटू लागते, आणि उपमेचे उपमेयाशी असलेले अंतर मिटते. ही भर आहे की हानी? मला दोन्ही वाटते. कवितेतला ताण कमी होतो, पण स्त्रीच्या अनुभवाला कवितेत जी दुय्यम, उदाहरणापुरती जागा होती ती गाण्यात मुख्य होते. वर्गात हा अभंग शिकवताना आधी वाचून आणि मग ऐकवून हा फरक दाखवता येईल. विद्यार्थ्यांना उपमा म्हणजे काय हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.

आता ह्या निवडीत नाही ते पाहू. दुष्काळ नाही. दिवाळे निघालेला वाणी नाही. अन्नान्न करून बायको मेली त्याची लाज नाही, दांभिकांना घातलेल्या शिव्या नाहीत, देवाशी मांडलेले हमरीतुमरीचे भांडण नाही. दिलीप चित्रे यांनी 'पुन्हा तुकाराम' (१९९०) आणि पाठोपाठ इंग्रजीत 'सेज तुका' (१९९१) सिद्ध केले तेव्हा त्यांनी ह्याच अंगाला मोठी जागा दिली. खळ्यांचे तुकाराम आणि चित्र्यांचे तुकाराम शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या कवींची पुस्तके वाटावीत. चित्र्यांच्या निवडीवर आपल्याकडे चर्चा होते, शोधनिबंध लिहिले जातात. खळ्यांची निवड त्याहून कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचली, आणि तिच्याबद्दल आपण फक्त 'स्वर्गीय चाली' एवढेच म्हणतो. चाली स्वर्गीय आहेतच. गुणगुणताना सोप्या वाटतात, आणि गायला बसले की पहिल्याच ओळीत दम काढतात.

गाळलेला दुष्काळ मला भलत्याच ठिकाणी सापडला, आणि माझ्या यादीतले दुसरे नाव तेच: प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलगीतांची ध्वनिफीत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, सोलापूर-सातारा-नगरकडून माणसे आली. त्यांच्या खोल्यांत, रिक्षांत, चहाच्या टपऱ्यांवर हा आवाज वाजत राहिला. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी गात आणि भीमगीतेही गात, आणि श्रोत्यांना त्यात विसंगती दिसत नसे. साहित्याच्या वर्तुळातल्या याद्यांत मात्र ही ध्वनिफीत मला आजवर दिसलेली नाही. भावगीत चालते, गझल चालते, ध्वनिफितीवरचे भक्तिगीत 'बाजारू' ठरते.

त्यातले 'पाऊले चालती' हे गाणे सगळ्यांना पाठ आहे. ते दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी स्वरबद्ध केले. मराठीच्या किती प्राध्यापकांना दत्ता पाटील हे नाव ठाऊक असेल? गाण्याचा आशय जरा नीट पाहा. दारिद्र्याने गांजलेल्या, घरात भाकरी नसलेल्या माणसाचे पाय पंढरीकडे वळतात. १६३०च्या सुमारास ज्या भुकेने तुकोबांचे घर मोडले, त्या भुकेशी ह्या गीताचे नाते खळ्यांच्या अल्बमपेक्षा जवळचे आहे. काव्य म्हणून दत्ता पाटील आणि तुकाराम एका पातळीवर आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. यमके ठरीव आहेत, प्रतिमा सरावाच्या आहेत. पण अभिजात निवडीने भूक वगळली आणि 'बाजारू' ध्वनिफितीने ती ठेवली, ही वाङ्मयीन घटना आहे. आवडी शिष्टसंमत ठेवल्या की ती नजरेतून निसटते.

तिसऱ्या नावाविषयी थोडक्यात. 'शिवकल्याण राजा' (१९७४) हा हृदयनाथ मंगेशकरांनी राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त केलेला अल्बम. रामदास, कवी भूषण, गोविंदाग्रज, सावरकर, कुसुमाग्रज अशी जवळजवळ तीनशे वर्षांची कविता बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनाने एका सूत्रात ओवलेली आहे. सूत्र पटो न पटो (मला ते ठिकठिकाणी फार गुळगुळीत वाटते), ते सूत्र आहे हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही. सुटी गाणी ऐकली की शाळेच्या स्नेहसंमेलनातली समरगीते तेवढी उरतात.

आणि आज आपण सुटेच ऐकतो. मेट्रोच्या डब्यात कानांत बोंडे घातलेला तरुण आणि घरात मी, दोघेही मोबाइलवरून ऐकतो; तिथे एक गाणे संपले की यंत्र दुसरे निवडते. पूर्वी तबकडीच्या वेष्टनावर, ध्वनिफितीच्या आतल्या घडीच्या कागदावर कवी आणि संगीतकार यांची नावे छापलेली असत. आता पडद्यावर गायकाचे नाव झळकते आणि कवीचे शोधावे लागते. पुष्कळदा तेही मिळत नाही. 'आठवणीतली गाणी' ह्या संकेतस्थळाने प्रत्येक गाण्याखाली गीत, संगीत, स्वर अशी नोंद ठेवण्याचे व्रत घेतले, म्हणून निदान जुन्या गाण्यांची वंशावळ तरी शाबूत आहे.

नाव गळाले की काय होते ह्याचे उत्तम उदाहरण तुकोबांच्याच नावावर आहे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) ह्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज, अंकुर आणि वृक्ष ह्या प्रतिमांवर एक पद रचले. विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी ते इतके शोभले की लोक ते तुकोबांचेच मानू लागले. आठवल्यांचा हा विजय म्हणावा की पराभव? तीन शतकांपूर्वीच्या कवीची लकब इतकी हुबेहूब साधणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि त्याची शिक्षा म्हणून स्वतःचे नाव गमवावे लागणे न्याय्यही नव्हे.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. सगळेच जुने उगाळत बसले तर ह्या वर्षी कष्टाने अल्बम काढणाऱ्या नव्या कवी-संगीतकारांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? मान्य. यादीत एक जागा त्याच वर्षीच्या नव्या कामासाठी राखून ठेवावी, आणि तिथे आवाजाच्या गोडव्यापेक्षा निवडीचे धाडस पाहावे. 'अभंग रीपोस्ट'सारखा तरुणांचा चमू बेस गिटार आणि ड्रम्स घेऊन अभंग गातो तेव्हा आमच्या पिढीतले काही जण वाद्यांवरून नाके मुरडतात. मला ती चर्चा निष्फळ वाटते. टाळ-मृदंग असो की गिटार, त्यांनी गाथेतले कोणते अभंग उचलले, खळ्यांनी न उचललेले त्यांत किती आहेत, हे कोणी मोजून लिहिले तर ते वाचायला मला आवडेल. एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याला हे सत्रभराचे काम आहे.

माझ्या यंदाच्या यादीत 'गीतरामायण' नाही, ह्याचे काहींना नवल वाटेल. एप्रिल १९५५पासून वर्षभर आठवड्याला एक अशा गतीने पुणे आकाशवाणीने ऐकवलेली गदिमा आणि सुधीर फडके यांची ती छप्पन गीते. 'वर्षाचा अल्बम' हा किताब शब्दशः शोभेल असे मराठीत दुसरे काही नाही. पण ह्या वर्षी मी त्यांतली तीनच ऐकली, तीही वेगवेगळ्या दिवशी.