न्यायमूर्तींची बदली आणि सरकारची मर्जी

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने मध्य प्रदेशचे न्यायमूर्ती अतुल श्रीधरन यांना छत्तीसगडच्या बिलासपूर येथील उच्च न्यायालयात पाठविण्याची शिफारस ऑगस्ट २०२५ मध्ये केली, आणि १४ ऑक्टोबरच्या बैठकीत ती फिरवून त्यांची रवानगी अलाहाबादेस करण्याचे ठरविले. फेरविचाराची विनंती केंद्र सरकारकडून आली होती, एवढे ठरावात प्रांजळपणे नमूद आहे. ती का आली आणि न्यायवृंदाला ती का मानवली, याविषयी मात्र अवाक्षरही नाही.

ज्यांची अपिले पूर्वी नागपूरला, १९५६ नंतर जबलपूरला आणि १ नोव्हेंबर २००० पासून बिलासपूरला जात आली, त्या दुर्ग-भिलाईच्या पक्षकारांना, दुर्गातल्याच आमच्या पद्मनाभपुरातल्यांनाही, हा दिल्लीदरबारचा मामला वाटण्याचा संभव आहे. परंतु श्रीधरन बिलासपूरला आले असते, तर ज्येष्ठतेमुळे येथील नव्या न्यायाधीशांची नावे सुचविणाऱ्या तिघांत त्यांची गणना होण्याजोगी होती. अलाहाबादेच्या अवाढव्य न्यायालयात ती होण्याजोगी नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात, कर्नल सोफिया कुरेशी यांच्याविषयी अनुदार उद्गार काढणारे मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांच्यावर गुन्हा नोंदविण्याचा हुकूम श्रीधरन यांच्या खंडपीठाने स्वतः होऊन दिला होता. या हुकुमाचा व बदलीचा संबंध होता असे म्हणण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही; पण कारणे झाकून ठेवली की संशयाला पाय फुटतात, आणि त्याचा दोष संशय घेणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

बदली हे हत्यार जुनेच आहे. आणीबाणीत, १९७६ साली, सोळा न्यायाधीशांना त्यांच्या संमतीवाचून परप्रांतांत हलविण्यात आले. त्यांपैकी गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठ यांनी आंध्रात जाण्याच्या फर्मानाला आव्हान दिले, तेव्हा १९७७ मध्ये पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांसह सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने, संमती आवश्यक नसली तरी बदली केवळ लोकहितासाठीच व्हावी आणि सरन्यायाधीशांशी होणारा विचारविनिमय नाममात्र नसावा, असा दंडक घालून दिला. संमती हवीच, हे न्यायमूर्ती भगवती व उंटवालिया यांचे अल्पमत आम्हांस आजही अधिक ग्राह्य वाटते.

पुढे १९९३ च्या निकालाने नेमणुकांची व बदल्यांची सूत्रे न्यायाधीशांच्या हाती आली, आणि २०१५ मध्ये, संसदेने संमत केलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग चार विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने ती स्वतःकडेच राखली. सरकारचा हस्तक्षेप नको, हा त्या निकालाचा आधार होता. आता त्याच सरकारच्या एका विनंतीवर, कारण न सांगता, न्यायवृंद आपला ठराव बदलत असेल, तर आयोग रद्द करताना दिलेला युक्तिवाद त्याने आपल्याच हातांनी दुबळा केला, असे म्हणणे प्राप्त आहे.

सरकारने फेरविचारासाठी धाडलेले पत्र आणि न्यायवृंदाने त्यावर केलेला विचार, दोन्ही प्रसिद्ध करावीत. न्यायमूर्तींची संमती होती की नाही, हेही त्यात लिहिलेले असावे.