समुद्रात उतरण्याआधी लाटेचा अंदाज बघा

पासलीच्या आणि सगळ्या वेल्हे-भोरच्या मंडळींनो,

वरंध घाट उतरला की महाड, आणि तिथून हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर फार लांब नाही. जोडून सुट्ट्या आल्या की आपली पोरं समुद्रावर जातात. जरूर जावं. पण गुंजवणी-भाटघरच्या पाण्यात पोहायला शिकलेल्याला समुद्रही जमेलच, असं समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याला पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळाही नव्हता.

समुद्राची चाल मोजता येते. पाण्यात नांगरून ठेवलेला पिवळा बोया लाटेसोबत वरखाली होतो. त्यातलं यंत्र लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधला वेळ किनाऱ्यावर कळवतं. रत्नागिरीसमोरच्या समुद्रातही अशा नोंदी घेतल्या गेल्या आहेत. प्रवाहाचा वेग पाण्यात ध्वनी सोडून, परतणाऱ्या ध्वनीत पडलेल्या फरकावरून काढतात. आपल्या शेजारी खडकवासल्याला, १९१६ पासूनच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत लाटा उठवतात आणि त्यांचा अभ्यास करतात.

समुद्राचा रोजचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था संकेतस्थळावर फुकट देते. तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘लाट २ मीटर’ म्हणजे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यात एखादी जवळपास दुप्पट उंचीचीही येते. आणि उंची दुप्पट झाली की लाटेतली ऊर्जा चौपट होते. दुसरी गोष्ट, दोन लाटांमधला वेळ जास्त दिसला तर सावध व्हा. अशा लाटा हजारो किलोमीटरवरच्या वादळातून येतात. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतं, तरी लाट जोरकस असते.

किनाऱ्यावर पोचलात की आधी स्थानिक कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकांना विचारा. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मागच्या वेळचा अनुभव धरून चालू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. ओहोटी लागली असेल तर पाण्यात शिरू नका. दारू पिऊन तर कधीच नको. पोरांना गुडघाभर पाण्यापुढे सोडू नका, आणि तिथेही हात धरून उभे राहा.

पाण्यानं आत ओढलंच, तर सरळ किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. दम तिथेच संपतो. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ सुटली की मग बाहेर या. बाहेर असलेल्यांनी मागोमाग उड्या टाकू नयेत. दोर, ट्यूब किंवा रिकामा कॅन फेका आणि ११२ ला फोन करा.

शाळांना आणि तरुण मंडळांना विनंती आहे: सहलीची गाडी सुटण्याआधी त्या दिवसाचा लाटेचा अंदाज आणि ओहोटीची वेळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. इशारा असेल तर समुद्र वाळूवरूनच बघा. एवढं पाळा, आणि गेलात तेवढे सगळे घरी या.