खिडकीची झडप

परवा भाचीकडे मुक्कामाला होतो. रात्री दोनच्या सुमारास तिचा चार वर्षांचा मुलगा सारखा कूस बदलत होता. बाहेरच्या दिव्याची बोटभर रुंद तिरीप बरोबर त्याच्या पापण्यांवर पडली होती. खिडकीला पडदा होता, चांगला जाड, निळा, रॉकेटांची चित्रं असलेला. कापडातून उजेड येतच नव्हता. दांडी भिंतीपासून चार बोटं पुढे, त्या फटीतून तो दोन्ही कडांनी आत शिरत होता.

जुन्या घरांत खिडकीला लाकडी झडपा असत. ओढून कडी घातली की भरदुपारीही खोली अंधारी. सरकत्या काचा आल्या आणि झडपा गेल्या. त्यातच २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून शहरोशहरीचे पिवळे सोडियम दिवे उतरले, पांढरे एलईडी चढले. वीज वाचली, हे चांगलंच झालं. पण या पांढऱ्या उजेडात निळ्या प्रकाशाचा अंश जास्त असतो आणि नेमका तोच मेंदूला अजून दिवस असल्याचं कळवतो. मग झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन कमी पडतं. मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी, भिंग नितळ, म्हणून त्यांना हा उजेड मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. निर्णय योग्यच होता. पण ज्या खोलीत ती झोप घ्यायची, त्या खोलीकडे कोण बघणार?

पडदा घ्यायला गेलं की आपण रंग बघतो, चित्र बघतो. ‘ब्लॅकआउट’ म्हणून दाखवलेल्या कापडामागे मोबाइलचा टॉर्च धरून बघा; ठिपका दिसला तर ते ठेवून द्या. मागून लेप दिलेलं कापड गरम पाण्याने आणि मशीनच्या पिळण्याने तडकतं, मग त्यातून चांदण्या दिसू लागतात. मधे काळा धागा घालून घट्ट विणलेलं कापड धुण्याला जास्त टिकतं. आणि कापडाइतकीच महत्त्वाची दांडी. ती चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-सहा इंच पुढे जाऊ द्या, टोकं भिंतीकडे वळलेली घ्या, वर पेल्मेट करा. सुतार एका दुपारीत करून देतो. सकाळी मात्र पडदा पूर्ण सरकवायचाच. सकाळच्या उन्हानेच मुलाच्या झोपेचं घड्याळ लागतं, आणि पावसाळ्यात बंद पडद्यामागे बुरशी धरते.

एका बाबतीत अजिबात तडजोड नको. रोलर ब्लाइंड ओढायची मण्यांची साखळी किंवा दोरी मुलाच्या हाताशी लोंबकळता कामा नये. खेळता खेळता तो फास गळ्यात अडकतो, आणि आवाजसुद्धा होत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने तिथे अशा दोऱ्यांनी वर्षाला सरासरी ९ लहान मुलं दगावतात. तिथल्या नव्या नियमांनी आता बहुतेक ब्लाइंडांच्या मोकळ्या दोऱ्याच बंद केल्या आहेत. आपल्याकडे दुकानदार साखळी भिंतीला घट्ट बसवायची क्लिप देतो का, हे आपणच विचारायला हवं. पलंग किंवा पाळणा खिडकीला लावून ठेवू नये, ते याचसाठी.

पण सगळा भार आईबापांच्या खिशावर का? मरीन ड्राइव्हचे दिवे २०१५ मध्ये पांढरे झाले तेव्हा मुंबईकरांनी ‘क्वीन्स नेकलेस’ची शोभा गेली म्हणून ओरड केली, आणि पिवळसर दिवे परत आले. म्हणजे दिवे बदलता येतात. घराकडे फेकला जाणारा झोत अडवायला तर दिव्याच्या त्या बाजूला पत्र्याचा आडोसा पुरतो. रस्ता तेवढाच उजळ राहतो.

भाचीच्या खिडकीसमोरच्या खांबावर त्याचा क्रमांक रंगवलेला आहे. तो लिहून घेऊन तिने प्रभाग कार्यालयात आडोशासाठी अर्ज दिला आहे. सुतार रविवारी येणार आहे. तोवर मुलाची उशी आम्ही पलंगाच्या दुसऱ्या टोकाला केली आहे.