घरबसल्या बिटकॉइन : नफ्याआधी वीजबिल पाहा

बिटकॉइनचा भाव चढला की घरी यंत्र बसवून 'मायनिंग' करण्याचे बेतही सुरू होतात. आधी विजेचा हिशेब मांडावा. साडेतीन किलोवॉटचे यंत्र अहोरात्र चालले तर दिवसाला ८४ युनिट वीज खाते. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याचे बिल २५ हजारांवर जाते. दुसरीकडे बक्षीस आटत चालले आहे. २००९ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे ५० बिटकॉइन मिळत. एप्रिल २०२४ पासून फक्त ३.१२५. म्हणजे जगभरात दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी, आणि स्पर्धा स्वस्त वीज मिळवणाऱ्या महाकाय केंद्रांशी. शिवाय आपल्याकडे विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यातून यंत्राचा वा विजेचा खर्च वजा होत नाही. घरातील उष्णता आणि पंख्यांचा अखंड गोंगाट, त्यातून झोपेचे खोबरे, हे वेगळेच.

'यंत्रे आमची, नफा तुमचा' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहावे. पुण्यात गुन्हा दाखल झालेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा १० टक्के परताव्याचेच आमिष होते. घरगुती दराच्या विजेवर मायनिंग हा सामान्य माणसाचा जोडधंदा उरलेला नाही. तो आता भावाच्या तेजीवर लावलेला जुगार आहे, आणि त्यात वीजबिल मात्र दरमहा नक्की येते.