चार भिंतींबाहेरचे घर

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला पाचव्या वर्षी एक मोठा प्रकल्प करावा लागतो. जागा त्याने निवडायची, प्रश्न त्याने मांडायचा आणि उत्तरही त्यानेच काढायचे. बावीस-तेवीस वर्षांच्या या मुलामुलींपैकी कोणी विमानतळ करतो, कोणी संग्रहालय, कोणी डोंगरमाथ्यावरचे ध्यानकेंद्र. पण मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून दरवर्षी काहीजण हमखास गिरगावातली वाडी, लालबागची चाळ, नाहीतर धारावीचा कुंभारवाडा घेऊन बसतात. या प्रकल्पांच्या मांडणीला बाहेरचा माणूस म्हणून बोलावणे आले, तर मी ते शक्यतो चुकवत नाही. पुनर्विकासाच्या बातम्या आपण रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. त्या बातम्यांत न सापडणारी माहिती भिंतीवर टाचलेल्या या कागदांवर असते, असा माझा अनुभव आहे.

बातमीत काय असते? किती मजले, किती चौरस फूट, किती कोटी, आणि किल्ल्या केव्हा. विद्यार्थ्याचा कागद वेगळेच काही सांगतो. चाळीची एकच गॅलरी चार वेळा काढलेली एक मांडणी मला चांगली आठवते. पहाटेच्या चित्रात नळाचे पाणी भरून ठेवलेल्या कळशा आणि पिंपे, दुपारच्या चित्रात कठड्यावर वाळत घातलेले कपडे आणि दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या बायका, संध्याकाळी अभ्यासाची मुले, त्यांच्यावर एक डोळा ठेवून खुर्चीत बसलेले आजोबा, रात्री अंथरुणे. प्रत्येक चित्राशेजारी खोलीची मापे, गॅलरीची मापे. त्या मुलीने कोठेही ‘संस्कृती’ किंवा ‘शेजारधर्म’ हे शब्द लिहिले नव्हते. घराचा जो भाग घरमालकाच्या पावतीवर कधीच नव्हता, तो तिने टेपने मोजला होता, इतकेच.

(अशा मोजणीची या विद्यार्थ्यांत स्पर्धाही असते. देशभरातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची ‘नासा’ नावाची संघटना आहे. तिचा अंतराळाशी संबंध नाही. जुन्या वस्त्या-वास्तूंचे तपशीलवार मोजमाप करून काढलेल्या चित्रांसाठी ती लुई कान यांच्या नावाची ढाल देते. ढालीपोटी का होईना, पण मुले रात्ररात्र जागून गल्ल्या मोजतात.)

पुनर्विकासाच्या करारात ही गॅलरी नसते. करार होतो तो खोलीच्या चटईक्षेत्राचा. जुनी खोली इतकी, नवी सदनिका तितकी, वरचा फायदा अमुक टक्के. हिशेब भिंतीच्या आतल्या जागेचा असल्यामुळे भाडेकरू, विकासक, सरकार आणि न्यायालय असे सगळेच त्याच एका आकड्यावर भांडतात. भिंतीबाहेरची जागा या हिशेबात कोणाचीच नाही. म्हणून नवा आराखडा काढताना ती सर्वांत आधी आकसते. मनोऱ्यात उरते ते लिफ्टसमोरचे अंधारे बोळकांडे. जमिनीलगतचे चार-पाच मजले मोटारी ठेवण्याचे, त्यामुळे रस्त्याकडे पाहणारी खिडकीच नाही. रस्त्यावर लक्ष ठेवणारे डोळे नसले तर रस्ता असुरक्षित होतो, हे जेन जेकब्ज या अमेरिकन बाईंनी १९६१ साली पुस्तकात सांगितले आणि मुले त्यांचे नाव प्रत्येक प्रकल्पात घेतात. आमच्या चाळीतल्या काकूंना ते पुस्तक न वाचता माहीत होते, ही गोष्ट वेगळी.

नुसती खोल्यांची मोजदाद करून घरे बांधण्याचा प्रयोग मुंबईने एकदा केलेला आहे. सर जॉर्ज लॉईड गव्हर्नर असताना १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मध्ये बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. हिशेब चोख होता, पण माणसे येईनात. भाडे परवडेना, गिरणी लांब पडे आणि मधल्या बोळात उजेड नसे. वरळीच्या रिकाम्या चाळींचा सविनय कायदेभंगाच्या काळात तुरुंग म्हणून उपयोग झाला. पुढे गर्दी वाढली, माणसे आली, आणि त्याच अंधाऱ्या बोळाचा व बाहेरच्या मैदानांचा त्यांनी संसार केला. जांबोरी मैदानाचे नाव आज वरळीकरांच्या तोंडी आहे ते त्यामुळे. ते काम रहिवाशांचे, आराखडा काढणाऱ्यांचे नव्हे.

त्याहून जुनी एक गोष्ट आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणारा हा ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. त्याने घरे बांधली त्याहून अधिक पाडली, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण त्याच्या काळात उजेडाचा एक साधा नियम रुजला: साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून आपल्या भिंतीच्या पायथ्याशी ओढलेली रेघ जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. म्हणजे दोन इमारतींमधले अंतर उंचीच्या निदान निम्मे हवे. आता गोवंडीच्या नटवर पारेख कंपाऊंडमध्ये जाऊन पाहा. तेथे विस्थापितांसाठी बांधलेल्या सात-आठ मजली इमारती आहेत आणि दोन इमारतींमध्ये अंतर आहे जेमतेम तीन मीटर. जुन्या नियमाने ते दहा-अकरा मीटर निघाले असते. या आणि अशा वसाहतींतील क्षयरोगाचा अपुऱ्या उजेडाशी व हवेशी संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. प्लेगने शिकवलेला धडा शंभर वर्षांनी क्षयाकडून पुन्हा घ्यावा लागला. भुयारासारख्या त्या बोळांचा छेद कोणी विद्यार्थी काढतो आणि त्यावर सूर्यकिरणांच्या रेघा आखतो, तेव्हा खालचे दोन-तीन मजले कागदावरच काळे पडतात. हा कागद इमारती बांधण्यापूर्वी कोणाच्या टेबलावर असता तर?

आधी तपासणी, मग औषध, हा आग्रह आपल्याकडे पहिल्यांदा धरला तो पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांनी. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. सरसकट पाडापाडीऐवजी आधी वस्ती पायी फिरून पाहावी. मग जे पडायलाच हवे तेवढे पाडावे, मोकळ्या जागा जोडाव्यात, झाडे आणि विहिरी सांभाळाव्यात, अशी त्यांची पद्धत. तंजावरसारख्या शहरांसाठी त्यांनी तसे अहवाल लिहिले. त्यांचे कौतुक झाले आणि अहवाल कपाटात गेले.

पण असा अभ्यास प्रत्यक्षात उतरल्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच, इंदूरला आहे. पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात तेथे अरण्य ही वसाहत आखली. तत्पूर्वी त्यांच्या संस्थेने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाबरोबर इंदूरच्या झोपडवस्त्यांची पाहणी केली होती. ओटा किती रुंद, पायरीवर कोण बसते, झाड कोणाच्या दारात, दुकान कोणत्या कोपऱ्यावर, हातगाडी रात्री कोठे उभी राहते? आपले विद्यार्थी जे मोजतात तेच. त्यातून सुमारे साडेसहा हजार भूखंडांची वसाहत आखली गेली. गरिबाला तयार घर न देता जोते, नळ, संडास द्यायचा आणि बाकीचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. ओटा आणि जिना रस्त्याच्या बाजूला येतील, अशी सोय आखणीतच केलेली. १९९५ मध्ये अरण्यला आगाखान पुरस्कार मिळाला. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी त्याच दशकात सात-सात घरांमध्ये एक अंगण ठेवून वसाहत बांधली, तीही याच विचाराची. दोन्ही ठिकाणी जमीन मोकळी होती, हे मात्र विसरू नये. गिरगावात ती नाही.

आणि येथेच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांशी माझे भांडण सुरू होते. गॅलरीची चित्रे ते सुरेख काढतात. पण पहाटे पाच वाजता सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचे चित्र फार क्वचित दिसते. तिला स्वतःचा संडास, स्वतःची मोरी आणि आतून लावता येणारी कडी हवी आहे. चाळीच्या आठवणी उगाळणारे बहुतेक लेखक, मी धरून, चाळ सोडून गेलेले असतात. शिवाय जुन्या इमारती नुसत्या अडचणीच्या नाहीत, जिवाला धोकादायक आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसेनी इमारत कोसळली, ३३ माणसे गेली. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू दुसऱ्याच्या इमारतीवर खर्च करीत नाही, आणि सरकारी दुरुस्ती टेकूपुरती. त्यामुळे ‘जुने तसेच ठेवा’ हे उत्तर नव्हे. पैसा कोठून येणार, हा प्रश्न परीक्षकाने विचारला की बहुतेक मुले गडबडतात. विकासक विकाऊ सदनिकांच्या जिवावर फुकट घरे देतो, म्हणूनच मनोरा उंच होतो. हे गणित न मांडता काढलेले चित्र कितीही देखणे असले तरी वर्गाबाहेर टिकत नाही.

तरीही काही मुले ते गणित मांडतात. गेल्या काही वर्षांत मी असे प्रकल्प पाहिले, की ज्यांत प्रत्येक घरात संडास-मोरी आहे, लिफ्ट आहे, विकाऊ मजलेही आहेत, आणि तरी दर दोन-तीन मजल्यांना एक उघडा, उजेडाचा सामाईक ओटा आहे, तळमजल्यावर दुकाने रस्त्याकडे तोंड करून आहेत आणि मोटारी मागे आहेत. त्यात विकासकाचा नफा थोडा घटतो. किती, हेही एका मुलाने लिहिले होते. परीक्षकांनी त्याला चांगले गुण दिले. पुढे कागद गुंडाळून घरी गेले असणार, किंवा महाविद्यालयाच्या पोटमाळ्यावर.

माझी मागणी छोटी आहे. पुनर्विकासाच्या फायलीत आज भाडेकरूंची संमतीपत्रे असतात, इमारतीच्या मजबुतीचा अहवाल असतो, चटईक्षेत्राचा तक्ता असतो. त्यात आणखी एक कागद सक्तीचा करावा: रहिवासी भिंतीबाहेरची कोणती जागा, कोणत्या वेळी, कशासाठी वापरतात त्याचा नकाशा, आणि नव्या आराखड्यात त्यातले काय कोठे गेले त्याचे उत्तर. तो काढणारी मुले राज्यातल्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत. खर्च म्हणाल तर टेप, कागद आणि चहा.

वरळीला १४ ऑगस्ट २०२५ रोजी बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीतून ५०० फुटांच्या घरात गेलेल्या माणसाचा आनंद खरा आहे आणि त्याला कोणी नाक मुरडू नये. पण यंदा जे कोणी प्रकल्पाची जागा शोधत असतील, त्यांनी एकदा या मनोऱ्यांत टेप घेऊन जावे. लिफ्टसमोरच्या जागेत कोणी खुर्ची टाकली आहे का? तेविसाव्या मजल्यावरची आजी दिवसातून किती वेळा खाली उतरते? मुले कोठे खेळतात, आणि त्यांना हाक मारणारा आवाज कोठून येतो? नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरचे बरेच मजले अजून चढायचे आहेत.