पेढीचे नाव कोणाच्या हाती?

दिवाळीच्या वहीपूजनात नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण लिहिले जाते. त्याच पानावर पेढीचे नाव येते, आणि ते बहुधा आजोबा-पणजोबांनी ठेवलेले असते. गाळा भाड्याचा असो वा पागडीचा, नाव मात्र घरचे, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. आता तेच नाव संकेतस्थळाच्या पत्त्यात आणि गूगलच्या नकाशावरही लिहिलेले असते. तेथे ते खरोखर घरचे आहे काय?

बहुतेक ठिकाणी घडते ते असे. चिरंजीव किंवा सूनबाई उत्साहाने संकेतस्थळ करून घ्यायचे ठरवतात. ओळखीचा एखादा तरुण काम अंगावर घेतो आणि आठ-पंधरा दिवसांत ते देखणे करून देतो. संकेतस्थळाचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो मात्र त्याच्याच ई-मेलवरून व त्याच्याच नावाने नोंदवलेला असतो. यात लबाडी असतेच असे नाही; सोयीचे पडते म्हणून तसे केले जाते. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्याला जातो आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलमध्ये पडून राहते. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवावे लागते. मुदत संपली आणि सवलतीचे दिवसही उलटले, तर ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. ज्याचा वार्षिक खर्च साध्या नावासाठी हजार रुपयांच्या आतबाहेर असतो, त्याची पावती पेढीच्या नावाने घेण्याचा विचार आपल्यासारख्या हिशेबी समाजालाही सुचू नये, याचे नवल वाटते.

या नावाची किंमत न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखली आहे. ‘रेडिफ’ या कंपनीने एका अक्षराचा फरक करून ‘रॅडिफ’ असे डोमेन घेणाऱ्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डोमेन हा केवळ इंटरनेटवरील पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळावयास हवे. 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेने निर्णय दिला. ‘डॉट इन’ नावांच्या वादासाठी तर लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे. तरी कोर्टाची वा लवादाची पायरी चढण्यापेक्षा नोंदणी आरंभीच आपल्या नावे करणे केव्हाही स्वस्त.

फुकट मिळालेल्या जागेचा अनुभवही ताजा आहे. गूगलने 2017 पासून छोट्या दुकानांना आपल्या नोंदीबरोबरच एक विनामूल्य संकेतस्थळ देऊ केले होते. असंख्य दुकानदारांनी ते पत्ते भेटकार्डांवर, पिशव्यांवर छापले. मार्च 2024 मध्ये गूगलने ती सर्व संकेतस्थळे बंद केली. काही महिने ते पत्ते नकाशावरील नोंदीकडे वळवले गेले, नंतर तेही थांबले. दुसऱ्याच्या ओसरीवर जरूर बसावे, पण पिशवीवर पत्ता छापायचा तो आपल्या घराचा.

आपल्या शहराच्या बाबतीत एक व्यावहारिक गोष्ट येथेच नमूद करतो. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. तरीही जुन्या सवयीने शोध घेणारी माणसे अजून बरीच वर्षे राहतील. तेव्हा पत्त्यात नवे नाव आणि परिचयाच्या मजकुरात एकदा जुनेही असू द्यावे.

माझ्या मते कापड बाजार, आडते बाजार किंवा दाळ मंडईतील दुकानाला संकेतस्थळापेक्षा नकाशावरील नोंद अधिक गिऱ्हाईक आणून देते. शेवगाव-पाथर्डीहून लग्नाच्या बस्त्यासाठी निघालेले कुटुंब आधी तेथील छायाचित्रे आणि अभिप्राय पाहते. म्हणूनच खोटे अभिप्राय लिहून देणारेही आता दारी येतात. दुसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेख गणला आहे आणि प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो. न घेतलेल्या साडीची न आलेल्या गिऱ्हाइकाने केलेली स्तुती हा कूटलेख नव्हे, तर दुसरे काय? 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनीही विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे.

खरे अभिप्राय मात्र वर्षानुवर्षे साचत जातात आणि तीच पेढीची पत ठरते. ही नोंद एखाद्याच्या व्यक्तिगत गूगल खात्याला जोडलेली असते. ते खाते नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचे असू शकते, किंवा दिवंगत वडिलांचे, ज्यांचा मोबाइल क्रमांकही एव्हाना बंद झालेला असतो. दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती गूगल काढून टाकू शकते. नोंदीला एकाहून अधिक मालक जोडण्याची सोय आहे. घरातील दोघांची नावे तेथे असावीत आणि बाहेरच्या माणसाला द्यायचाच झाला तर फक्त व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा.

सर्वांत नाजूक प्रसंग भावाभावांच्या वाटणीचा. गाळा कोणाचा, माल कोणाचा, उधारी कोणी वसूल करायची, जुने नाव कोणी लावायचे, हे सारे वडीलधारी मंडळी बसून ठरवतात. डोमेन आणि नकाशावरील नोंद यांचा उल्लेखही होत नाही. मग ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो तो आपोआप मालक ठरतो, आणि दुसऱ्या भावाला शून्य अभिप्रायांपासून आरंभ करावा लागतो. अशा वेळी दहा वर्षांच्या गिऱ्हाइकांची चांगली बोली एका मोबाइलच्या मागे जाते आणि समजुतीने झालेली वाटणी पुन्हा कडू होते. भागीदारीपत्रात व वाटणीपत्रात या दोन गोष्टी नावानिशी लिहाव्यात: डोमेन कोणाच्या नावे राहील, नोंद कोणत्या दुकानाबरोबर जाईल, अधिकार किती दिवसांत हस्तांतरित करायचे. वकिलांना आणि सी.ए.ना हे आपणच सांगावे. त्यांच्या जुन्या मसुद्यांत टेलिफोनचा उल्लेख सापडेल, याचा बहुधा नाही.