गैरहजर कोण : मूल की शासन?

दिवाळी झाली की बीडच्या वस्त्या-तांड्यांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि वर्ग रिकामे होतात. हजेरीपटावर शेरा पडतो : ‘सतत गैरहजर’. आम्ही विचारतो, गैरहजर कोण? उचल घेतलेल्या आईबापामागे आठ वर्षांची पोरगी धाकट्याला सांभाळायला फडावर जाते. तिला शाळेचा कंटाळा नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. पण वसतिगृह गाड्या निघण्याआधी सुरू झाले, तरच मूल गावात राहते.

मित्रांनो, बाबासाहेबांचे ‘शिका’ भिंतीवर रंगवून भागणार नाही. दिवाळीआधीच वस्तीत मुलांची यादी करा, शाळा व्यवस्थापन समितीत वसतिगृहाचा ठराव घ्यायला लावा. जय भीम!